बाइंडिंगची भूक

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानू नका. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही मानलं नसतं, वर त्याला चार शब्द सुनावले असते. पण कागदाच्या कडेला सोडायच्या कोऱ्या पट्टीपायी एका विद्यापीठाला स्वतःचं टेबल परीक्षकांच्या घरी पाठवावं लागलं आणि ते माझ्यामुळे, ही गोष्ट मी इथे बसलोय इतकीच खरी आहे.

परवा साडू आणि मेव्हणी आले होते, हिला डॉक्टरेट मिळाली म्हणून अभिनंदन करायला. ही चहा टाकायला आत गेली, बहीण गेली तिच्यामागोमाग. बाहेर उरलो आम्ही दोघे. साडूंनी सहज विचारलं की एवढा मोठा प्रबंध, तो छापून बांधून घेताना त्रास नाही का झाला. असा प्रश्न माझ्यासमोर विचारू नये, आणि विचारलाच तर पाय वर घेऊन नीट बसावं. आमच्याकडे चहा निवांत उकळतो. तेवढ्या वेळात साडूंना जे सांगितलं, तेच इथे उतरवतो. त्यांच्या बहुतेक शंका गाळल्या आहेत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा गुडघे दुखवून घेतात. हिने डॉक्टरेटला नाव नोंदवलं. विषय होता ‘मध्यमवर्गीय घरातील अडगळ: स्वरूप आणि स्थान’. लोक हसले. मला विषय पसंत होता, कारण अभ्यासाची सगळी सामग्री घरातच होती आणि ती मीच जमवली होती. तुटकी छत्री, बंद पडलेले तीन रेडिओ, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या. हिने सगळ्याची मापं घेतली. कधी कधी ती मान वर करून माझ्याकडेही बघे, पण ते मी प्रेम समजत होतो.

तर त्या शुक्रवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी प्रबंध द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून घेतलेली, दुसऱ्यांदा वाढत नाही. शुक्रवार चुकला की नोंदणी रद्द, म्हणजे हिची एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. सोमवारी सकाळी हिने माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला आणि छापून, बांधून आणायला सांगितलं. मार्जिनचं तेवढं बघा, म्हणाली. आणि घाई करू नका, असंही म्हणाली. हे दुसरं वाक्य मी संसारात पहिल्यांदाच ऐकत होतो. जबाबदारी माणसाला किती बदलते, असा विचार करत मी चपला घातल्या.

समासाचं काम माझ्याकडे येणं स्वाभाविकच होतं. माझी उभी हयात ज्या ऑफिसात गेली तिथे समास मोजत नसत, पाडत. कोरा कागद उभा दुमडायचा, नखाने घडी दाबायची आणि उलगडायचा. घडीच्या डावीकडचं साहेबांचं, उजवीकडचं आपलं. साहेब जितका मोठा तितकी घडी रुंद, कारण मोठ्या साहेबाला शेरा मारायला ऐसपैस लागतं. एकदा फारच वरचे साहेब येणार होते. मी त्यांच्यासाठी अशी दणदणीत घडी पाडली की मजकुराला जागाच उरली नाही. साहेबांनी त्या कागदावर ‘मुद्देसूद’ असा शेरा मारला. सांगायचा मुद्दा, समास म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

विद्यापीठाचा नियम एका ओळीचा होता: बांधणीच्या बाजूला दीड इंच समास सोडावा. मला तो जरा चिकटपणाचा वाटला. परीक्षक म्हणजे काही आमचे हेडक्लार्क नव्हेत. तरी म्हटलं, नियम तो नियम. जिना उतरताना समोरच्या दारातल्या सल्लागारांनी मला गाठलं.

हे आमचे शेजारी. धंदा दुसरा काहीतरी होता, पण निवृत्तीनंतर सल्ला हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय, आणि त्यात ते सुट्टी घेत नाहीत. त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “बाइंडिंग खातं.” एवढं बोलून दार लावून घेतलं.

मी दार पुन्हा वाजवलं आणि किती खातं ते विचारलं. त्यावर त्यांनी स्वतःची कहाणी सांगितली. घराची कागदपत्रं त्यांनी हौसेने बांधून घेतली होती. बाइंडिंगने प्रत्येक पानावरचं त्यांचं अर्धं नाव खाल्लं. आता कागदोपत्री ते घर कुणा भलत्याच माणसाचं दिसतं, आणि तो भलता मेंटेनन्स भरत नाही. तेव्हा दीड इंचावर विसंबू नका, बाइंडिंगच्या वाटणीचं वेगळं सोडा, असा त्यांचा सल्ला पडला. मला तो पटला. घरात जेवायला येणारा एक माणूस वाढला तर आपण आपल्यातलं कमी करत नाही, ताट वाढवतो.

झेरॉक्सचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि या दोहोंच्या फटीत बसणाऱ्या बाई. त्या सगळ्यांना काका म्हणतात, स्वतःच्या काकांनाही. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, डावीकडे दीड इंच टाकला आणि छापू का म्हणून विचारलं. मी त्यांना बाइंडिंगच्या भुकेची कल्पना दिली. त्यांनी सुस्कारा टाकला आणि आकडा विचारला. आकडा माझ्याकडे नव्हता.

बाइंडर रस्त्यापलीकडे बसतो. खळीचा वास जिथे दाट होतो तिथे तो असतो. माणूस मितभाषी. पानं किती, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितली. त्याने अंगठा आणि तर्जनी यांत थोडं अंतर धरून मला दाखवलं आणि पुन्हा कामाला लागला. मी माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत तेवढंच अंतर धरलं, आणि ते ढळू न देता रस्ता ओलांडायला निघालो.

चिमटीत अंतर धरून चालणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळायचं नाही. पाण्याने भरलेली घागर परवडली, सांडली तर निदान दिसते. वाटेत जुन्या ऑफिसातला एक सहकारी भेटला. त्याने हात पुढे केला. मला हात देता येईना, म्हणून मी चिमटी तशीच त्याच्या नाकासमोर धरून मान हलवली. माझी किंमत एवढीच का, असं विचारून तो जो गेला तो आजतागायत बोलत नाही.

बाईंनी चिमटीला पट्टी लावून अंतर मोजलं आणि समासात मिळवलं. झालं, म्हणजे व्हायला हवं होतं. पण समास वाढला तसा मजकूर आत सरकला, आणि मजकूर आत सरकला तशी पानं वाढली. घोडं अडलं ते इथे. बाइंडरने अंतर दिलं होतं ते जुन्या पानांचं. मी परत रस्ता ओलांडला. पानं वाढली म्हटल्यावर त्याने चिमटी जरा मोठी केली. जाड पुस्तक जास्त खातं, म्हणाला. मी मोठी चिमटी घेऊन आलो. समास वाढला, पानं आणखी वाढली. पुन्हा गेलो. चिमटी आणखी मोठी.

दुपारपर्यंत मला दोन्ही हात लागायला लागले.

साडूंनी इथे विचारलं की कुठेतरी थांबायचं नव्हतं का. हेच सगळे विचारतात. थांबायला मी तयार होतो, पण हिशेब थांबेना. अर्धवट सोडावं तर बाइंडिंगने हिच्या प्रबंधातलं काय खाल्लं असतं कुणी सांगावं. निष्कर्षच खाल्ले असते तर? शुक्रवार एकदाच येणार होता.

मंगळवारी सल्लागार दुकानात हजर. पानं दोन्ही बाजूंनी छापताय का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणताच कपाळावर हात मारला. पान उलटलं की बांधणीची बाजू उजवीकडे जाते. म्हणजे मी डावीकडे जे रान मोकळं सोडलं होतं ते मागच्या पानांवर बाहेरच्या अंगाला वाया जाणार, आणि बाइंडिंग उजवीकडून मजकूर फस्त करणार. बाई म्हणाल्या की त्याला कॉम्प्युटरात सोय असते, मिरर मार्जिन म्हणून, एक टिक केली की पानं आपापली बाजू ओळखतात. मी त्यांना शांतपणे सांगितलं की आरशात बघून समास सोडायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. दोन्ही बाजूंना तेवढाच सोडा.

दोन्हीकडून समास आल्यावर मधे मजकुराची जी पट्टी उरली ती दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखी दिसत होती. एका ओळीत दोन शब्द. त्यातला एक लांब असला तर एकच. हिला लांब वाक्यांची सवय, मुलांना शाळेत दम भरून भरून लागलेली. एक वाक्य पान उलटून पुढे जाई आणि परत येतच नसे.

छापून होईपर्यंत बसल्या बसल्या मी तिसरं प्रकरण वाचायला घेतलं. त्याचं शीर्षक होतं ‘न टाकता येणारी अडगळ’. त्यात एका निवृत्त गृहस्थाचं उदाहरण दिलं होतं. नाव दिलेलं नव्हतं, पण तो गृहस्थ तुटकी छत्री टाकू देत नाही, खुर्ची झाडायला उठत नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं सांगतो, असं वर्णन होतं. अशी माणसं असतात. मला सल्लागारांची आठवण आली. पुढे अशा अडगळीवरचा उपाय दिला होता, पण तेवढ्यात मशीनमध्ये कागद अडकला आणि उपाय वाचायचा राहून गेला.

बुधवार आणि गुरुवार बाइंडिंगमध्ये गेले. पानांची चळत एवढी झाली की ती बाइंडरच्या दाबयंत्रात मावेना. शेवटी तो तिच्यावर स्वतः बसला, मग मी बसलो, मग सल्लागार बसले आणि बसल्या बसल्या सल्ला देऊ लागले, त्या वजनाने ती बरीच दबली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोत्याला नाकच उरलं नव्हतं. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत हिचं नाव उमटलं तेव्हा मात्र आम्ही तिघेही उठून उभे राहिलो. सल्लागारसुद्धा.

शुक्रवारी आम्ही ग्रंथ हातगाडीवर घालून विद्यापीठात नेला. सल्लागार पुढून रस्ता सांगत होते, मी मागून ढकलत होतो. प्रबंध घ्यायची खिडकी म्हणजे भिंतीत पाडलेला एक चौकोन. एक हात आणि एक विनंती आत जाईल एवढाच. ग्रंथ काही केल्या जाईना. मी उभा लावून पाहिला, आडवा लावून पाहिला. खिडकीतले कारकून ते सगळं बघत होते.

मी म्हटलं, “शेजारी दार आहे ना. दारातून आणून देतो.”

“दारातून घेता येत नाही,” ते म्हणाले. “प्रबंध खिडकीत स्वीकारायचा असं लिहिलेलं आहे.”

एवढं सांगून ते उठले, त्याच दारातून बाहेर आले, ग्रंथाभोवती एक चक्कर मारली, पुठ्ठ्यावर थाप मारून बाइंडिंग चांगलं झालंय म्हणाले, दारातून आत गेले, खिडकीत बसले आणि चालणार नाही असं सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. मीही उभा जन्म अशाच खुर्चीत काढला आहे आणि त्या खुर्चीतून जग चौकोनीच दिसतं.

घड्याळ पुढे सरकत होतं. माझ्या डोळ्यांसमोर हिचा चेहरा आला. तिने आधी माझ्याकडे आणि मग तुटक्या छत्रीकडे बघितलं असतं. मी निर्णय घेतला. कापायचं.

बाइंडरकडे कापायचं यंत्र होतं, पण खिडकीचं माप न्यायचं कसं? पट्टी नव्हती, दोरी नव्हती. काखेत कळसा असताना मी गावाला वळसा कशाला घालू? चिमटीचा अनुभव होता. दोन्ही हात पसरून मी चौकोनाच्या कडांना लावले, तसेच धरून ठेवले आणि हातगाडीवर ग्रंथाशेजारी चढून बसलो. गाडी ढकलायला सल्लागार. तसे हात पसरलेला माणूस भर रस्त्यातून जाताना दिसला की लोक आपापल्या परीने अर्थ लावतात. एका बाईंनी नमस्कार केला. एक परका गृहस्थ मिठी मारायला आला, त्याला मी पायाने दूर ठेवला. चौकात तर चारही बाजूंच्या गाड्या थांबल्या, आणि आम्ही पार होईपर्यंत एकानेही हॉर्न वाजवला नाही. अशी शिस्त त्या चौकाने पूर्वी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

बाइंडरने माझ्या हातांचं माप घेतलं आणि यंत्राखाली ग्रंथ सरकवला. वरून कापला, खालून कापला, समोरून कापला. तीन बाजूंचा समास फरशीवर पडला. इतके दिवस मी चिमटीने वाहून आणलेली मोकळी जागा केराच्या टोपलीत जाताना पाहून मला काय वाटलं ते सांगत नाही. मजकूर मात्र एका अक्षराने दुखावला नाही, कारण तो दोरीवरच्या टॉवेलसारखा मधोमध होता. माझ्या समासाने त्याला वाचवलं, ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही.

परत खिडकीशी पोचलो तेव्हा आत पंखे बंद करायला सुरुवात झाली होती. ग्रंथ आता एखाद्या ओंडक्यासारखा झाला होता, लांबलचक आणि चौकोनी. सल्लागारांनी मागून रेटा दिला आणि तो घसरत आत गेला तो थेट कारकुनांच्या मांडीपर्यंत. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पट्टी काढली. ग्रंथ उघडून बांधणीच्या बाजूला लावली. बाइंडिंगने आपलं पोट भरून जे उरलं होतं ते बरोबर दीड इंच. त्यांनी तीन पानं मोजली. तिन्हीकडे दीड.

सल्लागार हळूच म्हणाले की बाकीच्या तीन बाजूंना समासच नाही हे ह्यांच्या लक्षात आलं तर? ते कारकुनांनी ऐकलं. नियम पुन्हा वाचला. त्यात बांधणीच्या बाजूशिवाय कुठल्याच बाजूचा उल्लेख नव्हता. जे लिहिलेलं नाही ते आम्ही बघत नाही, असं म्हणून त्यांनी शिक्का उचलला.

शिक्का पहिल्या पानाच्या माथ्यावर मारायचा असतो. माथा बाइंडरच्या केराच्या टोपलीत होता. त्यामुळे शिक्का अर्धा पानावर उमटला आणि अर्धा खालच्या टेबलावर.

कारकुनांनी नियम पुन्हा काढला. अर्धा शिक्का ग्राह्य नाही आणि एका प्रबंधावर दोनदा शिक्का मारता येत नाही. वरच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी विचार करून निकाल दिला की शिक्का जेवढ्यावर पडला तेवढं सगळं मिळून प्रबंध समजावा. म्हणजे टेबलासकट. पोच मिळाली, मुदत सांभाळली गेली आणि दुसऱ्या आठवड्यात चार माणसं टेबल उचलून परीक्षकांच्या घरी घेऊन गेली. परीक्षकांना शेरे लिहायचे होते. पानांवर समास नाही. मग काय करतात? त्यांनी टेबलावर लिहिले. तोंडी परीक्षा झाली ती त्या टेबलाभोवती, आणि हिला जे प्रश्न विचारले ते परीक्षक कोपरं उचलून उचलून खालून वाचत होते.

इथपर्यंत आलो आणि ट्रे घेऊन ही बाहेर आली, मागे मेव्हणी. हिने साडूंच्या हातात काठोकाठ भरलेला कप दिला. माझ्या कपात नेहमीप्रमाणे वरून बोटभर समास सोडलेला होता. साडूंनी एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. ते हिला म्हणाले, “ताई, त्या टेबलावर काय हो लिहिलं होतं परीक्षकांनी?”

“कुठलं टेबल?”

मी बिस्किटाकडे हात नेला. साडूंनी टेबलाची हकीकत तिला थोडक्यात सांगितली, बरीच चांगली सांगितली. मेव्हणी पदर तोंडाला लावून उभी. ही ऐकत होती, शाळेत गैरहजेरीचं कारण ऐकावं तशी.

“त्या खिडकीला टेबल नाहीच,” ती म्हणाली. “भिंतीत फळी आहे. आणि प्रबंध मी बुधवारीच नेऊन दिला. दीड इंच मार्जिन, एक टिक, त्या झेरॉक्सवाल्या बाईंनीच घरी येऊन करून दिलं. ह्यांच्याकडे दिला तो जुना खर्डा. तो गठ्ठा बाइंडरकडेच आहे अजून. त्याच्यावर बसून तो खळ लावतो.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. मग ह्यांना आठवडाभर कशाला पळवलंत, असं त्यांनी विचारलं.

“शेवटची दुरुस्ती करायची होती, घरात शांतता हवी होती,” ही म्हणाली आणि रिकामा ट्रे काखेत मारला. “तिसऱ्या प्रकरणात उपाय दिलाय की. जी अडगळ टाकता येत नाही, तिला बाहेरचं काम लावून द्यावं.”